राहून गेलेलं पत्र

मसुदा पहिला

एल्सबरी, मॅसॅच्युसेट्स
मंगळवार, २२ जुलै १९८६

श्री. राजीवभावजी यांस,
स. न. वि. वि.
तुम्ही १५ मे रोजी लतिकावन्संना पाठवलेलं पत्र इथे वेळेवर पोचलं होतं. त्या दिवसांत घरात आणि कामात फार गडबड होती. त्या गडबडीत पत्र वन्संना द्यायचं राहून गेलं. फार वाईट वाटतं. वन्संचा यात काही दोष नाही.
आपली, पद्मजा

हा कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वन्संच्या पुढे ठेवला. दुपारची वेळ होती, माझी मुलगी दीपा झोपली होती. वन्संनी चष्मा लावला, दीपाच्या खडूंच्या डब्यातून लाल खडू काढला आणि तीन ठिकाणी रेघ मारली.

"पोचलं होतं. राहून गेलं. वाईट वाटतं," त्यांनी वाचलं. "कर्ता कुठाय?"

"म्हणजे?"

"चौथीतल्या पोरांना विचारते तेच विचारतेय. द्यायचं राहून गेलं. कोणाचं राहून गेलं? की पत्र आपलं आपण चालत गेलं आणि तुझ्या फायलीत जाऊन बसलं?"



"परत लिही," वन्सं म्हणाल्या. "शनिवारी माझं विमान आहे. हे पत्र हातात असल्याशिवाय मी त्या घराची पायरी चढणार नाही."

*

वन्सं कोण, ते सांगते.

लतिकावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, चंद्रशेखरची, मावसबहीण. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही. मिरजेच्या एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. घरी आई, धाकटा भाऊ राजीव, त्याची बायको. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मी अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं करतात.

मागच्या सप्टेंबरात त्या आमच्याकडे आल्या. "ताई, एकदा अमेरिका बघून जा," असं चंद्रशेखरनं किती वर्षं लिहिलं होतं. त्यांनी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. नायगारा पाहिला, बॉस्टनचं बंदर पाहिलं. मग मला काम मिळालं, आणि साडेतीन वर्षांच्या दीपाला सकाळी कोणीतरी बघायला हवं होतं. असं कोणी ठरवलं नाही. बेबीसिटर शोधायची राहून गेली. मार्चमधलं परतीचं तिकीट [खोडलेले: कॅन्सल झालं] आम्ही कॅन्सल केलं. व्हिसा वाढवून घेतला. वन्संचा पासपोर्ट बँकेच्या लॉकरमध्ये होता, आमच्या पासपोर्टांच्या शेजारी, सुरक्षित.

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एका बाईंनी मला विचारलं, "मदतीला आणलंत का कोणाला? लकी आहात यार!"

"छे हो, मदतीला कसल्या," मी म्हटलं. "घरच्याच आहेत."

वन्सं तेव्हा तिथेच होत्या. दीपाच्या नाकाला रुमाल लावत होत्या.

*

चौकोनी कंसातलं 'खोडलेले' हे माझ्या कामातून आलं. जुनी वही उतरवताना लिहिणाऱ्यानं जे खोडलं तेही उतरवायचं, असा नियम आहे. तेही वहीतच आहे. इथे मी तो पाळते. सगळीकडे जमेल असं नाही.

काम असं होतं. एल्सबरी गावाला या वर्षी साडेतीनशे वर्षं झाली. इंग्लंडातून आलेल्या तीसचाळीस कुटुंबांनी जंगल तोडून वसवलेलं गाव. लायब्ररीच्या तळघरात गावची हिस्टॉरिकल सोसायटी आहे. तिच्या प्रमुख एडिथ कॉब, सत्तरीच्या, ताठ, दयाळू बाई. त्यांच्याकडे गावच्या पहिल्या चर्चची वही होती, सतराव्या शतकातली. अक्षर वेटोळं, शब्द एकमेकांत घुसलेले, शाई तपकिरी झालेली. तिचा मोठा भाग कोणी उतरवलाच नव्हता.

पुण्यात असताना मी मोडी शिकले होते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. त्यामुळे त्या वहीची मला भीती वाटली नाही. एडिथनं मला एक पान दिलं, मी तासाभरात वाचून दाखवलं. एडिथनं टेबलावर हात आपटला. या देशात आल्यापासून आठ वर्षांत माझ्याकडे बघून कोणी टेबलावर हात आपटला नव्हता.

त्या वहीत देवापेक्षा शेजारीच जास्त होते. कोण प्रवचनात झोपला, कोणाचं डुक्कर कोणाच्या मक्यात शिरलं, कोण दारू पिऊन काय बोललं. ज्याची चूक त्यानं भर सभेत उभं राहून कबुली वाचायची. सभेचं समाधान झालं नाही तर कारकून लिहायचा: सभा समाधानी नाही. मग त्यानं पुन्हा लिहून आणायची.

एका पानावर 'डीकन कॉब यांचं कुटुंब' अशी यादी होती. सोळा नावं. एडिथ गोंधळली, कारण डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, हा तिचाच पूर्वज आणि वंशावळीत मुलं फक्त सात.

"नोकरही धरलेत," मी म्हटलं. "त्या काळी घरात राबणारं माणूस कुटुंबातच धरायचे."

"तुला लगेच कसं कळलं?"

"आमच्याकडेही तसंच आहे," मी सांगितलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

यादीत शेवटी, दुसऱ्या शाईनं, नंतर कधीतरी, 'एक इंडियन बाई' असं लिहिलं होतं. इथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या १६७६च्या लढाईनंतर पकडलेली माणसं घरोघर वाटली, त्यातली. नाव नाही. एडिथ घाईनं म्हणाली, "नॉट युवर काइंड ऑफ इंडियन, डिअर." मी हसले. पानाखाली टीप टाकली: नाव नोंदलेले नाही.

*

डीकन कॉबची कबुली हे प्रदर्शनातलं मुख्य पान ठरलं. प्रदर्शन १४ जूनला, शनिवारी.

डीकनकडे डॉर्कस पेल नावाची मोलकरीण होती. तिनं इंग्लंडातून येताना सहा वर्षं राबायचा करार केला होता. १६६२च्या सप्टेंबरात करार संपला. तिला ब्रिस्टलला बहिणीकडे परत जायचं होतं. बॉस्टनहून एक जहाज सुटणार आहे हे डीकनला बाजारात कळलं. घरी बायको बाळंत व्हायची होती, मका कापायचा होता. डॉर्कसनं विचारलं तेव्हा डीकन म्हणाला, या वर्षीची जहाजं गेली. ती थंडीभर राबली. पुढे गोष्ट फुटली.

त्याची पहिली कबुली वहीत आहे: जहाजाची बातमी सांगण्याचं विस्मरण घडलं.
सभा समाधानी नाही.
दुसरी: माझ्या हातून काही उणं घडलं असेल, आणि त्यानं कोणाला दुःख झालं असेल, तर मी दिलगीर आहे.
सभा समाधानी नाही.
तिसरी सभेनं मान्य केली.

प्रदर्शनात त्या पानाखाली चार ओळींचं टिपण मी लिहिलं. त्यातली एक ओळ अशी: "दुसऱ्या कबुलीतला 'असेल तर' पाहा, माणूस आपल्याच पापाबाहेर उभा राहून बोलतो आहे." एडिथला ही ओळ फार आवडली. तिनं ती मोठ्या टाइपात छापून घेतली. खाली माझं नाव.

ती ओळ मी २ जूनला लिहिली. राजीवचं पत्र तेव्हा पाच दिवस माझ्याजवळ होतं.

*

मसुदा दुसरा

बुधवार, २३ जुलै

श्री. राजीवभावजी यांस,
स. न. वि. वि.
माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. तुमचं वन्संच्या नावचं पत्र २८ मे रोजी आलं. ते चुकून माझ्याकडून उघडलं गेलं आणि माझ्या कामाच्या कागदांत ठेवलं गेलं. माझ्यामुळे वन्संना मावशींची शेवटची भेट झाली नाही. माझ्या वागण्यानं तुम्हाला आणि मिरजेच्या सगळ्यांना त्रास झाला असेल, तर मी मनापासून क्षमा मागते. वन्संबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये.
आपली, पद्मजा

वन्सं कणीक मळत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी हात धुतले, पुसले, कागद घेतला, पुन्हा स्वतः वाचला.

"माझ्या हातून. माझ्याकडून. माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "हात तुझा आला, कड तुझी आली. तू कधी येणार?"

"वन्सं, मराठीत असंच लिहितात."

"लिहितात ना. म्हणून तर वीस वर्षं लाल शाई वापरतेय." त्यांनी खडू उचलला. "चुकून उघडलं गेलं. पत्रावर माझं नाव नव्हतं?"

"होतं."

"राजीवचं अक्षर लागत नाही का? तू तर तीनशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्याचं वाचतेस."

"लागतं."

"मग चुकून खोड." मी खोडलं. "आणि हे काय? त्रास झाला असेल तर? माझी आई गेली, पद्मजा. असेल तर?"

मी त्या शब्दांकडे पाहिलं. ते मी लिहिले होते. मोठ्या टाइपात त्यांची चेष्टा केलेली पाटी लायब्ररीत अजून लटकत होती आणि हे मी आदल्या रात्रीपासून विचार करून, शब्द निवडून लिहिले होते.

*

चौदा जूनला प्रदर्शन झालं. दोनशे माणसं आली. चंद्रशेखर ट्रॉयहून, क्लायंटकडचं तीन आठवड्यांचं काम संपवून, त्याच सकाळी आला होता. वन्संनी माझी पैठणी नेसवून दिली, निऱ्या त्यांनी केल्या. दीपाला घेऊन त्या मागच्या रांगेत बसल्या.

पंधराला, रविवारी सकाळी, पुण्याहून फोन आला. चंद्रशेखरनं घेतला. मिरजेच्या मावशी बारा तारखेला गेल्या होत्या. महिनाभर अंथरुणावर होत्या.

वन्सं ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्या लगेच रडल्या नाहीत. म्हणाल्या, "महिनाभर? मग राजीवनं कळवलं कसं नाही?"

"पोस्टाचं काय सांगावं, ताई," चंद्रशेखर म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मला होतं. मी दीपाच्या दुधात साखर घातली, ढवळली, परत घातली.

त्यानंतर महिनाभर वन्संच्या डोक्यात एकच होतं. राजीवनं मुद्दाम कळवलं नाही. आई घर कोणाच्या नावावर करते ते बहिणीनं बघू नये म्हणून. त्यांनी त्याला पत्र लिहिलं, कसं ते मी पाहिलं नाही, पण पाकीट जाड होतं. एक दिवस भांडी पुसताना म्हणाल्या, "आता मिरजेला माझं कोण आहे? शेखरला विचार, व्हिसा आणखी वाढतो का. दीपाचा लळा लागलाय मला."

मला आनंद झाला. [हे खोडलं होतं. परत लिहिलं.]

जुलैच्या मध्याला राजीवचं उत्तर आलं. या वेळी टपाल वन्संनीच काढलं. उभ्यानंच वाचायला लागल्या आणि मग आम्हा दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. राजीवनं लिहिलं होतं: "मी १५ मेला पत्र टाकलं होतं. फोन लावून पाहिला, लागला नाही. तार केली तर घाबरशील म्हणून तार केली नाही. आई रोज दाराकडे बघायची. तू आली नाहीस. गल्लीत सगळे विचारतात, लेकीला अमेरिका सोडवेना का? आणि वर मलाच घराबद्दल लिहितेस?"

"गहाळ झालं असणार ते पत्र," चंद्रशेखर म्हणाला.

वन्सं म्हणाल्या, "हो. गहाळच झालं असणार," आणि आपल्या खोलीत गेल्या.

दोन दिवस मी तशीच वावरले. तिसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. जुने कागद पिवळे पडू नयेत म्हणून आम्ही त्यांना खास फोल्डर वापरतो. डीकनच्या पानाच्या फोटोप्रती तशाच एका फोल्डरमध्ये होत्या आणि त्यांच्या मागे राजीवचं निळं एअरोग्राम. सुरकुती नव्हती. ते घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. 

वन्संनी कड बोटानं चाचपली. "फाडलेलं नाही. सुरीनं उघडलंय. सावकाश." मग वाचलं. मग घडी घातली. "कधी आलं?"

"अठ्ठावीस मेला."

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे आई होती."

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. चंद्रशेखरला म्हणाल्या, "तिकीट काढ." मला म्हणाल्या, "राजीवला तू लिहायचं. काय झालं ते. मी सांगितलं तर तिथं कोण खरं मानेल? म्हणतील, वहिनीवर ढकलते."

*

गुरुवारी चंद्रशेखर ऑफिसातून लवकर आला.

"ताई, मी लिहितो ना राजीवला," तो म्हणाला. "इथल्या पोस्टाचा घोळ झाला, पत्र उशिरा मिळालं, असं. तुझ्यावरचा ठपका गेल्याशी मतलब."

"आणि पद्मजावर येऊ नये."

"तसं नाही गं... पण ते पत्र तिथं सगळे वाचणार. मिरज, सांगली, पुण्याचे आपले सगळे. हिला पुढं त्या लोकांत तोंड दाखवायचंय. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवू."

"शेखर," वन्सं म्हणाल्या, "दोन महिने मी त्याच लोकांत आईला टाकून परदेशात बसलेली मुलगी आहे. तेव्हा घरातली गोष्ट नव्हती ती?"

"अगं पण..."

"आणि माझा पासपोर्ट कुठाय? तोही घरातच आहे ना?"

 "लॉकरमध्ये," चंद्रशेखर म्हणाला. "सेफ राहावा म्हणून."

"कोणापासून?"

दीपानं रंगवण्याच्या वहीतून मान वर केली. "व्हाय इज आत्या मॅड?"

"मॅड नाही गं राणी," वन्सं म्हणाल्या. "आत्या वही तपासतेय."

मी तिसरा मसुदा त्याच टेबलावर, त्या तिघांच्या समोर लिहिला. दोनदा थांबले. एकदा उठून पाणी प्याले. चंद्रशेखर खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्याचं गवत होतं.

*

मसुदा तिसरा

गुरुवार, २४ जुलै

राजीवभावजी,

तुमचं पत्र २८ मे रोजी दुपारी आलं. मी त्यावर वन्संचं नाव वाचलं. वन्सं मागच्या अंगणात दीपाला झोका देत होत्या, मला त्या खिडकीतून दिसत होत्या. मी पत्र फळं कापायच्या सुरीनं उघडलं आणि पूर्ण वाचलं. मावशी आजारी आहेत, दिवस थोडे आहेत, सारखं लतिकाचं नाव घेतात, हे मला कळलं.

मला १४ जूनपर्यंत एक काम पुरं करायचं होतं. वन्सं गेल्या असत्या तर दीपाला बघायला कोणी नव्हतं. चंद्रशेखर बाहेरगावी होते. मी त्यांनाही कळवलं नाही. मी ठरवलं की पंधरा तारखेला सांगेन. म्हातारी माणसं अशी महिनोन्महिने राहतात, असं मी स्वतःला सांगितलं.

मी पत्र लपवलं.

वन्सं आत आल्या आणि त्यांनी विचारलं, काही टपाल? मी म्हटलं, नाही, जाहिराती आहेत. त्यानंतर त्यांनी जवळजवळ रोज विचारलं. मी रोज नाही म्हटलं. ९ जूनला त्या म्हणाल्या, महिना झाला, घरून उत्तर नाही, शेजारच्या दुकानात फोन करून आईला बोलावू का? मी म्हटलं, शेखर आले की करू. तेव्हा मावशी होत्या.

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गप्प राहिले. वन्संनी तुमच्यावर संशय घेतला तेव्हा मी गप्प राहिले. त्या इथेच राहायचं म्हणाल्या तेव्हा मला बरं वाटलं.

मी वन्संना घरच्या म्हणत आले. मी त्यांना मोलकरणीसारखं ठेवलं. मोलकरणीला निदान निघून जाता येतं.

हे पत्र तुम्ही सगळ्यांसमोर वाचावं, असं मला वाटत नाही. तरी वाचा.

पद्मजा

*

"मोठ्यानं," वन्सं म्हणाल्या.

मी वाचलं. नऊ जूनच्या वाक्याशी मी थांबले. मग पुढे वाचलं. चंद्रशेखरनं 'बरं वाटलं' ऐकलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या लग्नात त्यानं माझ्याकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही. अनोळखी माणसानं रस्ता विचारला की आपण जसं बघतो, तसं.

माझं वाचून झालं. कागद घेऊन वन्संनी सगळा पुन्हा मनात वाचला. त्यांचा ओठ एकदा हलला, कुठल्या ओळीला ते मला दिसलं नाही. मग खडू डब्यात ठेवून झाकण लावलं.

मला वाटलं, आता त्या काही म्हणतील. मी वाट पाहिली. डीकनच्या तिसऱ्या कबुलीखाली लिहिलेलं होतं: सभेनं हात वर करून त्यास पुन्हा आपल्यात घेतलं. एक ओळ. ती उतरवताना मला ती फार सोपी वाटली होती.

"उद्या आधी बँक," वन्सं म्हणाल्या. "मग याच्या दोन प्रती काढून आण. हे मी घेऊन जाईन. एक प्रत पोस्टानं जाईल, सामान हरवतं कधी कधी. दुसरी या घरात राहू दे. दीपा मोठी झाली की वाचेल." आणि उठता उठता, "मराठी आलं तर."

*

शुक्रवार, २५ जुलै.

बँकेत चंद्रशेखर आला नाही. लॉकर मीच उघडला. वन्संनी पासपोर्टातला स्वतःचा फोटो पाहिला, पानं चाळली आणि तो पर्समध्ये नाही, ब्लाउजच्या आत ठेवला. लायब्ररीपाशी मी गाडी उभी केली. "मी थांबते हिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. दीपा मागच्या सीटवर गाणं म्हणत होती.

झेरॉक्सचं मशीन तळघरात, एडिथच्या टेबलाजवळ आहे. मी पहिलं पान काचेवर ठेवलं. हिरवा उजेड सरकला. एडिथ उठून आली आणि ट्रेमधलं पान हातात घेतलं.

"किती सुंदर अक्षर आहे!" ती म्हणाली. "वरची ती रेघ! हे तुझं? काय लिहिलंय?"

घरचं पत्र आहे, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. तोंडात तयारही होतं.

"मी एक पत्र लपवलं," मी म्हटलं. "माझ्या घरी राहणाऱ्या एका बाईंचं. त्यांची आई मरायला टेकली होती, तसं त्या पत्रात होतं. त्यांनी घरी राहून मुलीला सांभाळावं म्हणून मी लपवलं. इथल्या तुमच्या फोल्डरमध्ये. आई गेली. हे मी त्यांच्या भावाला लिहिलंय."

एडिथच्या हातातलं पान तसंच राहिलं. डीकन कॉबबद्दल ती लोकांना हसत हसत सांगायची, आमचा नॅथॅनिएल मोठा बिलंदर होता हं. गावाची शाळा त्याच्या नावानं आहे. आता ती हसली नाही. तिनं पान ट्रेमध्ये परत ठेवलं, उताणं होतं ते पालथं केलं, आणि बोटं स्कर्टला पुसल्यासारखी केली. तिचं तिला कळलं नसावं.

"कधीची गोष्ट?" तिनं विचारलं.

"मेमधली."

"ओह," ती म्हणाली.

मशीन गरगरत होतं. दुसरं पान मी उलटं ठेवलं होतं, कोरा कागद निघाला. परत ठेवलं.

"आणि ती बाई?" एडिथचा आवाज खाली गेला होता. "आता कुठे आहे ती?"

डॉर्कस पेलबद्दल तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. मीही कधी शोधलं नव्हतं. वहीत शेवटचं वाक्य डीकनबद्दल आहे.

"बाहेर," मी म्हटलं. "गाडीपाशी."

तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीला आहे. एडिथनं मान वळवून वर पाहिलं, मीही पाहिलं. आमच्या गाडीचं मागचं चाक दिसत होतं, आणि वन्संचे पाय. सहावारीच्या काठाखाली माझे जुने कॅनव्हासचे बूट. त्या गाडीतून उतरून फुटपाथवर येरझारा घालत होत्या. चार पावलं जायच्या, वळायच्या, चार पावलं यायच्या. एकदा खिडकीच्या अगदी समोर थांबल्या. काचेतून वाकून बघतील असं वाटलं. त्या वाकल्या नाहीत. दीपानं आतून हाक मारली असावी. पाय गाडीकडे वळले.

"अजून दोन पानं राहिलीत," एडिथ म्हणाली. "वेळ घे."

"नाही," मी म्हटलं. "त्या थांबल्यात."